पेशंटची तक्रार नाही

“मगदूम, फोली म्हणजे काय?”

“लघवीची नळी, सर.”

“नळी नव्हे. फोली हा माणूस होता. डॉक्टर होता. त्यानं ही नळी काढली...”

“कुणाची?” शेजारच्या खुर्चीतून शमीम मुल्लानं विचारलं.

लोकापुरे सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या हातात माझ्या रिपोर्टचा कागद होता आणि त्यावर लाल पेनानं इतके गोल काढलेले होते, की त्या कागदाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

“शोधून काढली. म्हणून नळीला त्याचं नाव. माणसाचं नाव, तेव्हा एफ कॅपिटल. पुढचा कॅथेटर मात्र स्मॉल. तू दोन्ही स्मॉल केलेस. मेलेल्या माणसाचा अपमान आहे हा.”

“आणि सर, ज्याला नळी घातलीय तो?” शमीमनं विचारलं.

“तो कोण?”

“पेशंट.”

“पेशंट स्मॉल.”

“बघा की. ज्यानं शोधली तो मोठा आणि ज्यानं सोसली तो बारीक.”

सर आपल्या टेबलाकडे गेले. पण जाताना त्यांचे खांदे हलले. हसले की चिडले, ते पाठीवरून कळत नसे.

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागेत होतं, एका टायरच्या दुकानाच्या वर. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याची सगळी हकिकत फोनमध्ये बोलून ठेवत. ते झोपले की तो आवाज आमच्या कानात येई. संध्याकाळच्या आत आम्ही त्याचा रिपोर्ट टाईप करून परत पाठवायचा. डॉक्टरांनी उठल्यावर तो वाचायचा आणि सही करायची. एवढंच काम. खाली दिवसभर टायरात हवा भरल्याचा आवाज आणि वर कानात अमेरिकेचा खोकला.

माझ्या वाट्याला डॉक्टर हॅरिगन होते. बोलताना ते सतत काहीतरी कुरुमकुरुम खात. शमीमनं त्यांचं नाव फरसाण ठेवलं होतं. हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं ते एकाच घासाबरोबर गिळायचे आणि आम्ही ती कानानं वेचून पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी ठेवायची.

लोकापुरे सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मालकांनी त्यांना तपासनीस म्हणून आणलं होतं. प्रत्येक रिपोर्ट ते छापून घ्यायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे. कंपनीच्या नावाचं औषध कॅपिटल, तेच औषध साध्या नावानं आलं तर स्मॉल. कसली ॲलर्जी असेल तर ती आख्खी कॅपिटलमध्ये, ओरडून सांगितल्यासारखी. “डॉक्टर बोलताना कॅपिटल आणि स्मॉल बोलत नाहीत,” सर म्हणायचे, “ते आपल्याला ऐकू यायला पाहिजे.”

“मला तर फरसाणच ऐकू येतं,” शमीम म्हणायची.

मी मात्र त्या दिवसांत सरांशी वाद घालत नव्हते. कारण मला ‘डायरेक्ट’ व्हायचं होतं.

डायरेक्ट म्हणजे जिचे रिपोर्ट सरांकडे न जाता सरळ अमेरिकेला जातात ती बाई. अशा बाईला कंपनी घरी कॉम्प्युटर बसवून देणार होती. नियम साफ होता, घर फक्त डायरेक्टला. मला महिनाभराच्या चाचणीवर ठेवलेलं. रिपोर्ट सरळ जायचे, सर मागून एखादा काढून बघायचे, आणि महिन्याच्या शेवटी सरांनी सही केली की मी घरी.

आणि मी घरी, म्हणजे निधी घरी.

निधी माझी मुलगी. दहा महिन्यांची. माझे मिस्टर सुकुमार बियाणांच्या कंपनीत, आठवड्यातले पाच दिवस कर्नाटकात फिरतीवर. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. पाळणाघरात ठेवून बघितलं, तर तिथं ती दर आठवड्याला नवीन सर्दी घेऊन यायची. शेवटी माझी आईच म्हणाली, “थोडे दिवस माझ्याकडं दे,” आणि तिला निपाणीला घेऊन गेली. ते थोडे दिवस संपतच नव्हते. मी रविवारी एसटीनं जायचे आणि रविवारीच परत यायचे. येताना ब्लाऊज ओला व्हायचा, म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायचे.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवर आईचा फोन यायचा. पाण्याच्या फिल्टरशेजारी उभं राहून मी ऐकायचे.

“आज काय केली माहिती हाय का?” आई म्हणायची. “उंबऱ्यावर पालथी पडून उंबरा चाटायली. तुझे बाबा म्हणतात, ह्या पोरीला देवधर्माची आवड हाय.”

“दात?”

“खालचे दोन वर आलेत. माझं बोट चावली सकाळी. टोपडं घातलं की फेकून देते. आणि ऐक, आज चक्क हाक मारली.”

“कुणाला?”

“मलाच की. ‘आई’ म्हणाली.”

मी फिल्टरचा नळ उघडला आणि बंद केला.

“तुला वाईट वाटलं होय?” आई म्हणाली. “अगं, पोर हाय. समोर दिसंल त्याला म्हणते. काल बंबाला म्हणाली.”

“नाही गं,” मी म्हटलं. “चांगलंय की.”

खुर्चीत येऊन बसले. पुढचा रिपोर्ट फरसाणचाच होता, पण हात चालेनात. मग रोज जे करायचे तेच केलं. कोरा रिपोर्ट उघडला आणि निधीचा टाईप करायला घेतला. ही सवय मला कधी लागली आठवत नाही. दुसरं काही लिहायची सवयच उरली नव्हती. दिवसभर तीच भाषा कानात, तेच मथळे बोटांत. इंग्रजीत असायचं, पण त्या दिवशीचा साधारण असा होता:

मुख्य तक्रार: पेशंटची तक्रार नाही. तक्रार आईची आहे.

हकिकत: पेशंट दहा महिन्यांची मुलगी, पोसलेली, वाढलेली, आजीच्या अंगावर चढलेली. उंबरा चाटल्याचा इतिहास आहे.

ॲलर्जी: टोपडं.

तपासणी: दात दोन, खालचे, धारदार. आवाज खणखणीत. पेशंट आजीला ‘आई’ म्हणते. बंबालाही म्हणते. आईला काय म्हणते, ते तपासता आलं नाही, कारण आई हजर नव्हती.

निदान आणि उपाय: हे दोन्ही मथळे टाईप करून मी पुढं काही लिहिलं नाही. टोपडं मात्र सगळं कॅपिटलमध्ये होतं. सरांची शिकवण.

एवढं झालं की एरवी मी ते पुसून टाकायचे. त्या दिवशी पुसणार, तेवढ्यात मालकांच्या केबिनमधून बोलावणं आलं. घरच्या कॉम्प्युटरसाठी टेबल किती लांबीचं लागेल, ते विचारायला. टेबलाची लांबी! मी उडतच गेले.

आता आमच्याकडे एक रीत होती. चार वाजता सगळे रिपोर्ट गेलेच पाहिजेत, आणि जी कुणी जागेवर नसेल तिचे रिपोर्ट शेजारणीनं पाठवायचे. कुणी बाथरूमला, कुणी कुणाचा फोन घ्यायला. म्हणून आम्ही एकमेकींच्या फोल्डरवर हक्कानं हात मारायचो. मी परत आले, तेव्हा शमीम माझ्या खुर्चीतून उठत होती.

“पाठवले बघ तुझे सगळे,” ती म्हणाली. “चहा पाज.”

“सगळे?”

“सगळे. एक तर अर्धाच ठेवला होतास, नावनंबर काही नाही. नंबराच्या जागी शून्यं घातली मी, त्याशिवाय जाईना. आणि डॉक्टरच्या जागी फरसाण.”

मी खुर्चीत बसून फोल्डर उघडला.

“काय झालं?”

“तो निधीचा होता.”

“कोण निधी? निधीला कशाला ॲडमिट केलं अमेरिकेत?” असं म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. “या अल्ला. ते उंबरा वगैरे... तू करतेस ते?”

“तेच.”

“परत आण की!”

“कसं आणू? डायरेक्ट आहे मी!”

आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. खाली टायरातून जोरात हवा सुटली.

“हे बघ,” शमीम म्हणाली, “पाठवलं मी. सरांना तसंच सांगायचं. मला काय, माझं काय अडलंय घरी बसायचं? घरी चार नणंदा आहेत. मला ऑफिस तीर्थक्षेत्र आहे.”

सांगायला गेलो दोघी. सरांनी शांतपणे ऐकलं. मग रिपोर्ट बघायला मागितला. मी काढून दिला. त्यांनी तो छापला, चष्मा पुसला आणि लाल पेनचं टोपण काढलं. सवयच ती. वाचताना टोपडं आलं तिथं पेन थांबलं, पुढं गेलं. बंबापाशी पुन्हा थांबलं. शेवटी त्यांनी काहीच खूण न करता टोपण लावलं.

“डॉक्टर हॅरिगन सकाळी हे वाचणार,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“ज्या संस्थेचं आपण नाव घेतो, त्या संस्थेतला एक हृदयरोगतज्ज्ञ सकाळी कॉफी घेऊन बसणार आणि वाचणार, की पेशंट उंबरा चाटते.”

शमीमच्या घशातून एक आवाज आला. तिनं तो खोकला असल्याचं दाखवलं.

“हसा. उद्या फोन आला म्हणजे हसा. तिकडे माणसं वाचतात, मुल्ला. आपल्यासारखं नाही. आपला एकेक कॉमा तिकडे कुणीतरी बघतं, म्हणून मी इथं डोळे फोडतो.”

मग त्यांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. अमेरिकेतल्या रेकॉर्ड विभागाला, इंग्रजीत, आपल्या हातानं. चुकून एक खासगी मजकूर आलेला आहे, तो काढून टाकावा. अर्धा तास ते ‘रेकॉर्ड विभाग’ यातला विभाग कॅपिटल की स्मॉल, यावर अडून बसले. पत्र गेलं. मी घरी जाऊन सुकुमारना फोन लावला आणि काहीच सांगितलं नाही; टेबलाची लांबी तेवढी सांगितली.

सकाळी मी पोचले, तेव्हा सर आधीच येऊन बसलेले. रेकॉर्ड विभागाचं उत्तर आलेलं होतं. एका ओळीचं: काढून टाकलं, धन्यवाद. त्यात एकही कॅपिटल नव्हतं. वाक्याच्या सुरुवातीलासुद्धा नाही.

“सुटलो!” शमीम म्हणाली.

सरांनी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. “काढायच्या आधी त्यांनी तो परत पाठवला. बघ.”

स्क्रीनवर निधीचा रिपोर्ट होता. उंबरा, टोपडं, बंब, सगळं जिथल्या तिथं. आणि खाली, प्रत्येक रिपोर्टच्या खाली येते तीच छापील ओळ: वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो बरोबर आहे. सही, डॉक्टर हॅरिगन.

शमीमला काय हसू फुटलं! टेबलाला धरून हसली. “फरसाणनं सही केली! निधी अमेरिकेतून पास झाली गं! बंबाला आई म्हणते, बरोबर आहे म्हणाला!”

मलाही हसू आलं. दुसरं काय येणार? माझ्या नावावर चूक नव्हती, फोन नव्हता, कुणाला पत्ता नव्हता. आता तर सरांची सही नक्की. मी सरांकडे बघितलं आणि माझं हसू थांबलं.

सर त्या ओळीकडे बघत होते. वर्गात कुणीच अभ्यास करून आलेलं नाही हे कळल्यावर मास्तर पुस्तक मिटतात ना, तसे.

“मगदूम,” ते म्हणाले, “तुला डायरेक्ट करता येणार नाही.”

“सर?”

“सॉरी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि इतका राग आला, की मी माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर ओरडले. “न वाचता सही करणार तो, आणि शिक्षा मला? सर, माझी पोर दुसरीला आई म्हणायला लागलीय! तुम्ही फोलीचं कॅपिटल बघा, पार्किन्सनचं बघा, मेलेल्यांचा मान राखा. माझी जिवंत आहे!”

ऑफिसातले सगळे कीबोर्ड थांबले.

“बस,” सर म्हणाले.

“नाही बसत.”

“बरं, उभी राहा. शिक्षा नाही ही. माझा समज होता, की आपल्यानंतर एक माणूस वाचतो. काही चुकलं तर तो धरेल. तसा माणूस नाही, मगदूम. तिकडे कुणी नाही. तू घरी बसून टाईप करणार, मांडीवर पोर असणार, शून्य कमी पडलं किंवा जास्त पडलं, तर ते जसंच्या तसं जाणार, खाली सही होणार आणि कुणाच्या तरी हातात औषध जाणार. तू आणि तो पेशंट. मधे कोणीच नाही. मला नाही सही करवत.”

मला आदल्याच आठवड्यातला एक रिपोर्ट आठवला. निधीला ताप आहे असा फोन आला होता त्या दिवशी मी काय टाईप केलं, मला आठवतच नव्हतं. एक ओळसुद्धा. आणि तो गेला होता, सरळ.

“मग तुम्ही वाचा,” मी म्हटलं.

“काय?”

“मला डायरेक्ट नकोच. मला घर पाहिजे. मी घरून टाईप करते, रिपोर्ट तुमच्याकडे येऊ देत. सगळे. गोल काढा, काय वाटेल ते करा. मधे तुम्ही बसा.”

“घर फक्त डायरेक्टला. नियमात आहे.”

“सर,” शमीम अगदी गरीब आवाजात म्हणाली, “नियम तरी कोण वाचतं?”

सरांनी तिच्याकडे बघितलं. या खेपेला सरळ. मग त्यांचे खांदे हलले, आणि आम्हाला पहिल्यांदा समोरून दिसलं, ते हसू असतं.

ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार बंद होतं, पण लोकापुरे सरांचा आवाज पंचेचाळीस पोरांच्या वर्गासाठी घडलेला होता. “डायरेक्ट एकही नको! मी आहे तोवर एकही नको! सगळे माझ्याकडून जातील!” मालकांचं काहीतरी पुटपुटणं. “घर वेगळं, डायरेक्ट वेगळं! दोन नियम आहेत ते, एकात का घातलेत?” पुन्हा पुटपुटणं. “मग माझा राजीनामा घ्या आणि फरसाणला नेमा तपासनीस!”

शमीमनं तोंडात ओढणी कोंबली.

घरून काम मिळालं, आणि रविवारी मी आणि सुकुमार निधीला आणायला निपाणीला गेलो. दारात पाय ठेवला न ठेवला, तोच माझे दोन्ही भाऊ ओरडले, “अक्का आली! अक्का आली!” आमच्या घरात मी थोरली, बाबांपासून शेजारच्या कानडी काकूंपर्यंत सगळे मला अक्काच म्हणतात. आणि सगळे माझ्या आईला आई म्हणतात. अगदी भांडीवालीसुद्धा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा महिन्यांच्या पोरीनं दुसरं काय म्हणायचं? ऐकेल तेच ती म्हणणार.

आईनं निधीचं बोचकं बांधलं. दुपट्यात दुपटं, शेवयांचा डबा, न घातलेली सगळी टोपडी. बांधताना एकदाही वर बघितलं नाही. निधी तिच्या पाठीवर चढून बसलेली. मी हात पुढं केले, तर पोरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

“जा की,” आई म्हणाली. “जा बाई. अक्का आली बघ न्यायला.”

निधीनं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

“अक्का,” ती म्हणाली.

सुकुमार हसले. आई एकदम रडायलाच लागली आणि “तिला शिकवा हं नीट, तिला शिकवा,” म्हणत राहिली. मी पोर उचलली. तिनं माझं बोट चाचपून बघितलं आणि कडकडून चावलं. खालच्या दोन दातांनी.

शिकवलं. खूप शिकवलं. आरशात दाखवून शिकवलं, फोटोवर बोट ठेवून शिकवलं, सुकुमारनी तर महिनाभर मला आई म्हणून हाका मारल्या आणि शेजाऱ्यांत हसं करून घेतलं. निधीनं सगळं ऐकून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

परवा बालवाडीचा तिचा पहिला दिवस होता. दारात ताई वही घेऊन उभ्या. त्यांनी वाकून विचारलं, “काय नाव गं तुझं?”

“निधी सुकुमार मगदूम.”

“अरे वा! आणि आई कुठंय तुझी?”

“निपाणीला.”

ताईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला. “अच्छा. मग आपण कोण? मावशी का?”

निधीनं दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला होता. दुसऱ्या पोरी आत जात होत्या, घंटा झाली, तरी बोटं सुटेनात. मी ती सोडवायचा प्रयत्न केला, तर तिनं दंडाला मिठी मारली.

“नाही,” मी म्हटलं. “मी अक्का.”